भिंतीवरची दिनदर्शिका, पुस्तकी पंचांग की ॲप? तिन्हींची पारख

मराठी घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा एक चौकोन नीट पाहा. त्यातली ठळक तारीख मध्यरात्री बाराला बदलते. तिच्याखालची तिथी म्हणजे त्या दिवशी सूर्य उगवताना जी चालू असेल ती. कोपऱ्यात बारीक टायपात हिजरी तारीख असते, ती आदल्या संध्याकाळी सूर्य मावळला तेव्हाच लागलेली. एका चौकोनात तीन दिवस, आणि तिघांची सुरुवात तीन वेगळ्या वेळी. हे एकमेकांवर बसवायचे तर छापणाऱ्याला कुठेतरी टाचणी मारावी लागते. बहुतेक मराठी दिनदर्शिकांत ती टाचणी मुंबईच्या सूर्योदयावर मारलेली असते. म्हणून घेताना मुखपृष्ठावरचा गणपती मागाहून पाहा. आधी हे बघा, की ही दिनदर्शिका कोणत्या गावची आहे?

ही माहिती बहुधा जानेवारीच्या पानाच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला असते. ती कुठेच नसेल तर ती दिनदर्शिका फक्त तारीख-वार बघायला घ्या, तिच्यावर उपास सोडू नका.

भिंतीवरच्या प्रकारात कालनिर्णय हेच मोजमाप झालं आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते काढलं. त्याआधी तिथी-नक्षत्र बघायला पंचांग उघडावं लागे आणि ते वाचता येणारं माणूस लागे. तीच माहिती स्वयंपाकघराच्या भिंतीवर, रोजच्या चौकोनात आली, हा मोठाच बदल होता. पुढे आलेल्या दिनदर्शिकांनी साधारण तोच साचा उचलला: डावीकडे वरून खाली वार, तारखा उभ्या स्तंभांत, पानामागे राशिभविष्य, पाककृती, लेख. त्यामुळे खाली मांडणीबद्दल जे म्हटलं आहे ते एका नावाबद्दल नसून या साच्याबद्दल आहे.

या साच्यातली पहिली अडचण अगदी साधी आहे. पानावर उभे स्तंभ पाचच असतात, काही महिन्यांना सहा लागतात. ऑगस्ट २०२६ घ्या. १ तारीख शनिवारी, म्हणजे पहिल्या स्तंभात एकटा शनिवार. रविवार ३० आणि सोमवार ३१ यांना शेवटी जागाच उरत नाही, म्हणून ते पहिल्या स्तंभात, १ तारखेच्या डोक्यावर जाऊन बसतात. महिनाअखेरची कामं याच दोन चौकोनांत लिहिली जातात आणि हमखास विसरली जातात, कारण डोळा महिन्याच्या शेवटी उजवीकडेच जातो. पाना-पानावर असे महिने तपासून त्या चौकोनांना आधीच लाल रेघ मारून ठेवा.

दुसरी बाब कागदाची. या चौकोनाचा खरा उपयोग दुधाचा हिशेब, कामवाल्या मावशींचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे यांसाठी होतो. चकचकीत कागदावर बॉलपेन घसरतं, शिसपेन्सिल उमटत नाही आणि फोडणीच्या वाफेने शाई फिसकटते. दुकानात कोपऱ्यावर पेनाने एक टिंब काढून अंगठ्याने घासून बघावं. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी हरकत नाही, वर्षभराचा प्रश्न आहे.

आता वाचण्याची गोष्ट. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. तिथी म्हणजे चोवीस तासांचा दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून एखादी तिथी २० तासांत आटोपते, एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. जुन्या ग्रंथांच्या गणितात हा फरक 'बाणवृद्धी रसक्षय' इतकाच धरत: साठ घटींहून (घटी म्हणजे २४ मिनिटं) बाण म्हणजे पाच जास्त किंवा रस म्हणजे सहा कमी. जास्तीत जास्त ६५ घटी, कमीत कमी ५४, म्हणजे २६ तास ते २१ तास ३६ मिनिटं. प्रत्यक्ष आकाशाशी जुळणाऱ्या दृक् गणितात ही मर्यादा दोन्हीकडे ओलांडली जाते. दोन पंचांगांत तिथीच्या समाप्तीत काही तासांचा फरक दिसला तर एक जुन्या गणिताचं आहे असं समजावं. महाराष्ट्रात आज चालणारी प्रमुख पंचांगं दृक् आहेत.

लहान तिथी दोन सूर्योदयांच्या मधे संपून गेली, तर तिला वारच मिळत नाही, तो क्षय. लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना सापडली तर वृद्धी. दिनदर्शिकेत पंचमीनंतर एकदम सप्तमी दिसली की छपाईची चूक समजून फोन करणारे लोक असतात. ती चूक नसते.

समाप्तीच्या वेळेत 'उ. रा. १.४०' असं छापलेलं असेल तर ती उत्तररात्र, म्हणजे घड्याळाप्रमाणे पुढच्या तारखेची मध्यरात्र उलटून एक चाळीस. पंचांगाचा दिवस सूर्योदय ते सूर्योदय असल्यामुळे ती वेळ आदल्याच चौकोनात येते. हीच वेळ काही ठिकाणी २५.४० अशी देतात. दोन्ही पद्धतींत दुसरी बरी, तीत घोळ होत नाही. 'अहोरात्र' असं असेल तर त्या दिवशी ती तिथी किंवा नक्षत्र संपतच नाही. जुन्या पुस्तकी पंचांगात घटी-पळं असतील तर घटीला २४ मिनिटांनी गुणा आणि स्थानिक सूर्योदयात मिळवा. १७ घटी ३० पळं म्हणजे ७ तास. सूर्योदय साडेसहाला असेल तर तिथी दुपारी दीडला संपली.

आता मुंबईच्या टाचणीकडे परत येऊ. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा रेखांशांचं अंतर आहे. दर रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सरासरी पंचवीस. अक्षांशातल्या फरकामुळे हा आकडा हिवाळ्यात २० ते २२ वर येतो आणि जूनमध्ये ३० च्या घरात जातो. पणजी मुंबईच्या चार मिनिटं पुढे, सोलापूर बारा, गडचिरोली जवळपास तीस. चार मिनिटांनी काही बिघडत नाही. पण डिसेंबरअखेर एखादी तिथी सकाळी ६.५५ ला संपत असेल, तर नागपुरात सूर्य तिच्या आधी उगवलेला असतो आणि मुंबईत तिच्यानंतर. एकाच राज्यात, एकाच तारखेला, दोन तिथ्या. मुंबईची दिनदर्शिका नागपूरच्या भिंतीवर अशा दिवशी चुकीचं सांगते, आणि तिचा त्यात काही दोष नसतो.

संकष्टीला हे अंतर पोटाला जाणवतं. मुंबईचा चंद्रोदय ९.१० असेल तर विदर्भात चंद्र पावणेनऊच्या सुमारासच वर आलेला असतो. दिनदर्शिकेत वेगवेगळ्या शहरांच्या चंद्रोदयाचा तक्ता असेल तर तो ठळक मुद्दा मानून दोन पैसे जास्त द्यावेत. तक्त्यात आपलं गाव नसेल तर जवळच्या रेखांशाचं गाव धरावं, जवळच्या अंतराचं नव्हे. कोल्हापूरकराला पुणं चालतं. सोलापूरकराने पुण्याची वेळ घेतली तर आठ मिनिटं चुकतात.

राहुकाळाचा ठरावीक तक्ता मात्र बिनदिक्कत कापून टाकावा. तो सूर्योदय सहा आणि सूर्यास्त सहा असं गृहीत धरून केलेला असतो. राहुकाळ म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचा आठवा भाग, आणि शुक्रवारी तो चौथा. तक्त्याप्रमाणे साडेदहा ते बारा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईला सूर्य ६.०१ ला उगवतो आणि ७.१८ ला मावळतो. आठ भाग पाडले तर एकेक भाग जवळजवळ शंभर मिनिटांचा होतो आणि शुक्रवारचा राहुकाळ येतो ११ ते १२.४०. म्हणजे तक्ता बघून 'टळला' म्हणून बाराला निघालेला माणूस बरोबर त्यातच सापडतो. ज्यांचा विश्वास नाही त्यांना फरक पडत नाही. ज्यांचा आहे त्यांनी निदान बरोबर वेळ तरी पाळावी.

या हिशेबात दिवसाची मध्यान्ह १२.४० ला आली, हे ध्यानात घ्या. घड्याळातले बारा हे ८२.५ रेखांशावरचे बारा आहेत, मुंबईचे नव्हेत. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५ पर्यंत पूर्णपणे सोडली नव्हती. गणेश चतुर्थीला मध्यान्हकाळ लागतो, आणि तो याच सूर्याच्या मध्यान्हाभोवती असतो. घड्याळ बघून बाराच्या ठोक्याला घाई करायचं कारण नाही.

पुस्तकी पंचांग घ्यायचं तर महाराष्ट्रात सोलापूरचं दाते पंचांग सर्वांत जास्त वापरात आहे. लग्नाचे मुहूर्त, कुंडलीसाठी ग्रहस्थिती, व्रतांचा शास्त्रार्थ हे भिंतीवर मावत नाही, त्यासाठी ते लागतंच. टिळक पंचांग मानणारी घरंही आहेत, विशेषतः कोकणात. दोघांतला फरक अयनांशाचा, म्हणजे राशिचक्राची सुरुवात आकाशात कुठे मानायची याचा. तो सुमारे चार अंशांचा आहे. याचे परिणाम कुठे होतात आणि कुठे होत नाहीत, हे बघण्यासारखं आहे. तिथी ही सूर्य-चंद्रातल्या अंतरावर चालते, त्यामुळे अयनांश कोणताही घ्या, तिथी तीच राहते. नक्षत्राची समाप्ती मात्र सात तासांच्या आसपास सरकते. टिळक पंचांगाची मकरसंक्रांत चार दिवस आधी, १० जानेवारीच्या सुमारास येते. आणि अधिक मास संक्रांतीवर, म्हणजे सूर्य राशी बदलतो त्या क्षणावर, ठरत असल्यामुळे काही वर्षी दोघांचे अधिक महिने वेगळे पडतात. मग टिळक पंचांगाच्या घरातला गणपती शेजाऱ्याच्या महिनाभर आधी येऊन जातो. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक चालत असेल तर दुसरं आणून भिंतीला लावू नका, बाकी काही नाही तर मोदक दोनदा करावे लागतील.

अधिक मास छापण्याची रीतही तपासावी. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेली गणेश चतुर्थी २०२६ मध्ये १४ सप्टेंबरवर जाते. चांगल्या दिनदर्शिकेत अधिकाचे चौकोन वेगळ्या रंगात असतात किंवा पानाच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. नुसतं 'ज्येष्ठ' छापलेलं असेल तर वटपौर्णिमा दोन दिसतील.

सणाची तारीख ठरवणं हे निव्वळ गणित नाही, हे २०२४ च्या लक्ष्मीपूजनाने दाखवलं. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३.५२ ला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी ६.१६ ला संपली. लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर, अमावास्या हवी. ती दोन्ही संध्याकाळी होती; मुंबईत दुसऱ्या दिवशी सूर्यास्तानंतर जेमतेम दहा-अकरा मिनिटं. दोन्ही दिवशी असेल तर दुसरा घ्यावा, या नियमाने महाराष्ट्रातल्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिला. उत्तरेत अनेक ठिकाणी ३१ ला पूजा झाली. आकडे सगळ्यांचे तेच होते, नियम कोणता लावायचा यावर मतभेद होता. जी दिनदर्शिका अशा वर्षी नुसती तारीख छापून मोकळी होते तिच्यापेक्षा, कारणाची दोन ओळींची टीप देणारी निश्चित चांगली.

एकादशी दोन लागोपाठच्या चौकोनांत दिसली तर पहिली स्मार्त, म्हणजे बाकीच्या सर्वसाधारण घरांची, दुसरी भागवत. भागवत म्हणजे वारकरी, वैष्णव. त्यांना सूर्योदयाआधीच्या चार घटींत, म्हणजे ९६ मिनिटांत, दशमीचा स्पर्श चालत नाही. सूर्योदय ६.१० ला असेल आणि दशमी पहाटे पाचला संपली असेल, तर स्मार्तांचा उपास त्याच दिवशी, माळकऱ्यांचा दुसऱ्या दिवशी. हे ज्या दिनदर्शिकेत वेगळं छापलेलं नाही ती वारकऱ्याच्या घरात निरुपयोगी.

ॲपची बात वेगळी आहे. तिथीची वेळ सेकंदापर्यंत देतात, आणि महिना चुकीचा सांगतात. कारण उत्तरेकडची पौर्णिमान्त पद्धत आधीच निवडलेली असते. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. २०२५ मध्ये उत्तरेचा सावन ११ जुलैला लागला, आपला श्रावण २५ जुलैला. ॲप बघून श्रावणी सोमवार धरला तर पहिले दोन सोमवार आषाढातच जातात. ॲप उतरवलं की आधी चार गोष्टी बदला. ठिकाण आपल्या गावाचं करा, ते बहुधा दिल्ली किंवा उज्जैन असतं. महिना अमान्त करा. अयनांश चित्रापक्ष किंवा लाहिरी ठेवा, घरात टिळक पंचांग असेल तर रैवत. आणि वेळ चोवीस तासांच्या पुढे मोजणारी घ्या. इतकं केल्यावरही सूर्योदय दिनदर्शिकेपेक्षा दोन-तीन मिनिटांनी वेगळा दिसेल. सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर आली तेव्हा उगवला म्हणायचं की मध्यबिंदू आला तेव्हा, आणि हवेतलं वक्रीभवन धरायचं की नाही, यावर ते अवलंबून असतं.

परदेशातल्या मराठी घरांत भारतातून आलेली दिनदर्शिका प्रेमाने लावलेली असते. शोभेला ठीक आहे. तिथीची समाप्ती हा एकच क्षण आहे, जगभर तोच. बदलतो तो सूर्योदय. न्यू जर्सी हिवाळ्यात भारताच्या साडेदहा तास मागे असतं, तिथला सकाळी सातचा सूर्योदय म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. समजा भारतात दशमी १० तारखेला दुपारी दोनला संपली. मुंबईत १० च्या सूर्योदयाला दशमी होती, म्हणून एकादशी ११ ला. न्यू जर्सीत तो क्षण १० तारखेच्या पहाटे साडेतीनचा. तिथे १० च्या सूर्योदयालाच एकादशी लागलेली, म्हणून उपास १० ला. मुंबईचा सूर्योदय आणि संध्याकाळचे साडेपाच यांच्यामधे जेव्हा जेव्हा तिथी संपते, तेव्हा तेव्हा हा एका दिवसाचा फरक पडतो. साडेदहा तासांचा पट्टा, म्हणजे दहांतल्या चार दिवसांहून जास्त. ऑकलंडला उलटं होतं: तिथी भारतात रात्री साडेदहा ते सकाळी सातच्या दरम्यान संपली तर तिथला सण एक तारीख पुढे. भारतातली तारीख धरून शनिवार-रविवारी सण करणं हा सोयीचा भाग आहे, त्याला कुणाची ना नाही. पण चंद्रोदय भारतातल्या पानावरून घेऊन साडेदहा तास वजा करणं ही निव्वळ चूक. तिथे त्या शहराचंच पंचांग हवं.

बारीक टायपातल्या इतर धर्मांच्या तारखा जागा भरायला छापलेल्या नसतात, पण वाचायची रीत माहीत हवी. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, अधिक महिना नाही, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. छापलेली तारीख चंद्रदर्शनावर एका दिवसाने हलू शकते, आणि दिवस संध्याकाळी सुरू होत असल्याने जुम्याची रात्र म्हणजे गुरुवारची रात्र. 'जुमेरात' हे गुरुवारचं नावच त्यातून आलं. कोकणातले बेने इस्रायल ज्यूही दिवस सूर्यास्तापासून मोजतात. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना गावोगाव 'शनवार तेली' म्हणत. त्यांचा तो शनिवार शुक्रवारी दिवेलागणीलाच लागलेला असे. पारशांचं शहेनशाही वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही, म्हणून त्यांचा ऑगस्टमधला नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस मागे येतो. पतेती त्याच्या आदल्या दिवशी असते, आणि ती पश्चात्तापाची असते. 'पतेतीच्या शुभेच्छा' छापणारी दिनदर्शिका या बाबतीत कच्ची आहे असं समजावं.

भारतीय सौर तारखेला मात्र कुणी वाली नाही. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ ला, ती सरकारी झाली. रचना सोपी आहे: वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, बाकीचे ३०, लीप वर्षी चैत्र ३१. तरी तिच्यावर कुणी दुधाचा हिशेब लिहीत नाही.

शेतकऱ्याला मात्र सूर्यनक्षत्रं लागतात, आणि ती भिंतीवर असलेली बरी. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला. प्रत्येक साधारण साडेतेरा दिवसांचं. सूर्यावर चालत असल्याने यांच्या तारखा दरवर्षी जवळपास त्याच, अधिक मासाने हलत नाहीत, म्हणून पेरणीचं वेळापत्रक यांच्यावर बसलं. सोबत छापलेलं वाहन (बेडूक, म्हैस, हत्ती वगैरे) हे सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागलेल्या बाकीवरून येतं. त्यात ढगांचा कुठे संबंध येत नाही. बियाणं ओलीचा अंदाज घेऊनच जमिनीत घालावं.

खरेदीच्या वेळेबद्दल एक. भिंतीवरची दिनदर्शिका जानेवारीला सुरू होते, पुस्तकी पंचांग गुढीपाडव्याला. शके १९४८ चं पंचांग १९ मार्च २०२६ पासून चालू होतं. ते आधीच्या डिसेंबरात घेऊन त्यात लगेच येणारी जानेवारीची संक्रांत शोधली तर सापडणार नाही. मागच्या वर्षाचं पंचांग फाल्गुन अमावास्येपर्यंत रद्दीत घालू नये.